चालेल, पण किती?

...आणि वर मलाच विचारतात, "फळं खाताय ना?" अहो, फळं! तुम्हाला सांगतो, आजारी माणसाला बघायला निघालं की लोकांना दुसरं काही सुचतच नाही. आमच्या दुकानाचं एक जुनं गिऱ्हाईक आलं, हातात ही एवढी पिशवी, केळी काय, संत्री काय, आणि मी शिवणाच्या मशीनमागे असा सरकलो जसा काही पिशवीत साप आहे! "घ्या हो टेलर, केळ्यानं ताकद येते." ताकद? माझ्या दोन्ही किडन्यांनी राजीनामा दिलाय, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाऊन पडतो तेव्हा कुठं रक्त धुऊन निघतं, आणि केळ्यात ठासून भरलेलं पोटॅशियम! ते अंगात साचलं की हृदय बंद पडतं. डॉक्टर म्हणाले, दुखत नाही, खुपत नाही, बोलता बोलता बंद. तेव्हापासून मी केळ्याकडे मान वर करून बघितलेलं नाही!

हॉस्पिटलात आमच्या एक आहारवाल्या बाई आहेत. गोड बाई, आवाज एकदम मऊ, काहीही विचारा, आधी हसणार. "मॅडम, सफरचंद?" "चालेल..." झालं, आपण इकडे खूश, तोवर चष्म्यावरून बघत, "...पण किती?" "भात?" "चालेल... पण किती?" अहो, मला काय माहीत किती? मी शिंपी माणूस, जन्मभर दुसऱ्यांच्या कमरा मोजल्या, स्वतःच्या तोंडात काय जातं ते कोणी मोजत बसलंय?

बरं, सगळा कारभार उलटा! ब्राउन ब्रेड, जो जगातला प्रत्येक शहाणा माणूस खा म्हणतो, तो मला नको, पांढरा चालेल. टोमॅटो नको. पालक नको. डायलिसिस सुरू व्हायच्या आधी सांगायचे, अंडी कमी करा हं! सुरू झालं, तर आता म्हणतात, खा, भरपूर खा, अंगात प्रथिनं गेली पाहिजेत, फक्त पिवळं काढून टाका. म्हणजे कोंबडीनं घालायचं आख्खं आणि मी खायचं अर्धं! आणि त्या अर्ध्यालाही, "चालेल... पण किती?" आहेच.

आमच्या मेहुण्याचं तर विचारूच नका. प्रेमानं मीठ घेऊन आला, "भाऊजी, हे खास आजाऱ्यांचं, ह्यात सोडियम कमी." मी खूश! बोट बुडवलं, चाटलं, वा! मग म्हटलं, विचारावं. बाईंना फोन लावला, तर त्या पहिल्यांदाच हसल्या नाहीत, ओरडल्याच, "अहो, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, फेका ते!" इकडे मला दरदरून घाम... चाटलं होतं ना मी! तो आख्खा दिवस एक हात कात्रीवर आणि एक हात छातीवर. गिऱ्हाइकाला वाटलं मी नमस्कार करतोय.

आणि बटाटा! त्यातलं पोटॅशियम निघावं म्हणून बायको तो सोलते, पातळ काप करते, भिजत घालते, ते पाणी ओतते, पुन्हा पातेलंभर पाण्यात उकळते, तेही पाणी ओतते. उरतं काय? बटाट्याचा फोटो! "चव कशी आहे हो?" "कसली चव?" "मग झालं तर, म्हणजे नीट निघालं सगळं." आणि पाणी? बाटलीभर, ते दिवसभर पुरवायचं, त्यात सूप धरायचं, चहा धरायचा, बर्फ चोखला तर तोही धरायचा.

आता माझं मी भोगतोय, ठीक आहे. पण ही! ताटात माझ्यासारखंच घेऊन बसते. "दोन दोन स्वयंपाक कोण करत बसणार?" म्हणते, पण मला काय कळत नाही? माझ्यासमोर फळ खात नाही, माझ्यासमोर पाणी पीत नाही, आणि दुकानामागेच घर असल्यावर मी असतो कुठं? तिच्या समोरच!

परवा सकाळी मी काजं करत बसलो होतो, आत स्वयंपाकघरात धाडकन् आवाज. भांडं पडलं म्हणावं, तर भांड्याला बोल लावणारा हिचा आवाज येईना. धावलो. ही जमिनीवर, चेहरा पांढराफटक, हातात बटाटा तसाच. अहो, जायचं तर मी जायचं, हे आमचं न बोलता ठरलेलं होतं, ह्यात तिचं नाव कुठून आलं?

तसंच उचलून माझ्याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी हिला विचारलं, "काय खाता?" "हे खातात तेच." "पाणी?" "हे पितात तेवढंच." डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच हिला कोंडून ठेवलंय! मग तिच्यावर डाफरले, "बाई, किडन्या ह्यांच्या गेल्यात, तुमच्या नाही! अंगातलं पाणी संपत आलंय तुमच्या. मीठ खा, फळं खा, पाणी प्या." मी सवयीनं विचारून बसलो, "चालेल... पण किती?" "कितीही!"

कितीही! रिक्षात बसेपर्यंत मी तो शब्द तोंडात घोळवत होतो.

तर आता मला हे नवीन काम. दुपारी शिवण बाजूला ठेवायचं आणि हिच्यापुढे ग्लास भरायचा. गार, काठोकाठ, बाहेरून थेंब ओघळताहेत, इकडे माझी जीभ टाळूला चिकटलेली, आणि ही ग्लास उचलते, माझ्याकडे बघते, खाली ठेवते.

"पी गं."

"तुमच्यासमोर घशाखाली उतरत नाही हो."

"मग मी तिकडे तोंड करतो."

केलं! स्वतःच्या घरात, भिंतीकडे तोंड करून, शिक्षा झाल्यासारखा उभा, मागून घोट घोट ऐकतोय, मोजतोय, एक, दोन, तीन... आणि ग्लास खाली ठेवल्याचा आवाज.

"पुरे हो. पाण्याला मेल्या काही चवच नाही!"

म्हटलं, "असू दे. पी."