धानोऱ्याचं कुलूप

नामवंत क्रिकेटपटू वामन साखरकर हा गुणवंत मास्तरांचा विद्यार्थी. दोन महिन्यांपूर्वी त्याचं पत्र आलं होतं : ‘धानोऱ्याला दवाखाना बांधलाय. कुलूप तुम्हीच उघडा, सर.’ आपली काय लायकी, म्हणून मास्तरांनी उत्तर दिलंच नाही.

आज गडचिरोलीच्या दवाखान्यात रांगेत मास्तरांच्या पुढे दोघं बोलत होती.

“बाई, धानोरा सोडून इथी काऊन? तिथी नवा दवाखाना हाये नं?”

“कुलूप हाये त्याले. सुनेले तापात बैलगाडीनं आणलं.”

“साखरकर तं देवमाणूस! पंच नाबाद म्हणे, तरी बाद झालो म्हणून निघाला.”

“मास्तर येतील तवाच उघडीन म्हणते तो.”

“मग मास्तर येत काऊन नाई?”

“मेला असन बिचारा. जिता असता तं आला नसता का, भाऊ?”

मास्तर रांग सोडून टपालकचेरीत गेले. कार्डावर ‘सोमवारी येतो’ एवढंच लिहिलं आणि पेटीत टाकलं.