घासलेला थालर

शिरीषचं नाव निघालं की मी गप्प का होतो, ते आज सांगतोच. कुवेतमधल्या महबूलात आम्ही एकाच फ्लॅटमध्ये राहायचो. त्याच्याकडे थालर होता, म्हणजे जर्मनीतल्या सॅक्सनी राज्याचं तीनशे वर्षांपूर्वीचं चांदीचं नाणं. तो शुऐबा भागातल्या ज्या प्लांटमध्ये कामाला होता, तिथल्या जर्मन इंजिनिअरनं निवृत्त होताना त्याला दिलेलं. त्यावर शिरीष तासन्‌तास बोलायचा.

मग त्याच्या किडन्या गेल्या, नोकरीही सुटली. तो हॉस्पिटलात असताना वाटलं, याच्यासाठी काहीतरी करावं. काळंकुट्ट पडलेलं ते नाणं मी पावडर लावून लख्ख घासलं आणि तो घरी आल्यावर त्याच्या हातात ठेवलं. तो बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "छान दिसतंय रे."

नाणं विकून गावी उपचार करायचे, असं त्यानं ठरवलं होतं. मी त्याला जुन्या नाण्यांचे जाणकार दाऊदभाई रत्नागिरीकरांच्या दुकानात नेलं. त्यांनी भिंग लावलं आणि कपाळावर हात मारला.

"कोणी घासलान हे? त्या काळेपणालाच तर खरी किंमत होती! आता नुसती चांदी राहिली. शौकीन माणूस हात नाही लावणार."

 तेवढ्यात शिरीष म्हणाला, "मीच घासलं. मला कुठं कळतंय त्यातलं?"

मी तिथं उभा होतो. बोललो नाही. आठ दिवसांनी त्याला विमानतळावर सोडलं, तेव्हाही "माफ कर" एवढं म्हणवलं नाही. चार महिन्यांनी त्याच्या बायकोचा फोन आला, तो गेल्याचा.