लाडवाच्या डब्याला अडलेलं कार्ड

लातुरात कॉम्प्युटरच्या दुकानात देविका माऊस घ्यायला रांगेत उभी होती. पुढं क्लासची दोन पोरं होती, मुकुल आणि आलोक.

“मदरबोर्ड, प्रोसेसर समदं जुळलं रे मुकुल. ग्राफिक्स कार्डच बसंना.”

“आलोक, मोठं कॅबिनेट घे की.”

“होस्टेलात कॉम्प्युटर ठेवू देत न्हाईत. म्हणून पत्र्याच्या पेटीत लपवून जोडायलोय.”

“मग अडलं कुठं?”

“आईच्या लाडवाच्या डब्याला.”

“काढ बाहेर!”

“आई दर रविवारी मुखेडहून येती. डबा दिसला की खाली बघत न्हाई. न्हाई दिसला तर आख्खी पेटी उपसती.”

“लाडू संपीव. रिकामा डबा घरी नेईल ती.”

“संपिवले की. म्हणाली, लेकरू उपाशी हाय, आता पिंपच भरून आणते.”

देविकानं आपला नंबर मागच्याला दिला आणि पुढचं ऐकायला तिथंच थांबली.

“पिंप?” मुकुल म्हणाला. “लई झालं! लाडू पेटीत भर, कॉम्प्युटर पिंपात जोडू.”