व्होल्टेजमधला खड्डा शोधणाऱ्या शालनताई

शालनताईंच्या घरची मंडळी, कागलच्या कारखान्यातले सोबती आणि गारगोटीकडून आलेले पावणे, सगळ्यांना नमस्कार. बोलायला उभा राहिलोय खरा, पण माझा आवाज मुळातच बारका. ताई असत्या तर म्हणाल्या असत्या, "मोठ्यानं बोल की, मागं ऐकू येईना!" म्हणून मोठ्यानंच बोलतो.

कागलच्या एमआयडीसीत ताई आणि मी विजेच्या यंत्रांच्या टेस्टिंगला होतो. निवृत्तीनंतरही ताई घरी बसल्या नाहीत. गारगोटीच्या पलीकडं डोंगरात एक दवाखाना आहे. तिथं सगळं सोलरच्या डीसी विजेवर चालतं. दिवे, पंखे, पाण्याचा पंप आणि लसींचा फ्रिज. तो फ्रिज मधेच बंद पडायचा. बदलला, तरी तेच. मग तिथल्या सिस्टर लसी बर्फात घालून गारगोटीला पळायच्या. लेकरं घेऊन आलेल्या बाया माघारी जायच्या.

हे ताईंच्या कानावर आलं, तसे आम्ही दोघं गेलो. मी मीटर लावला. व्होल्टेज बरोबर! ताई म्हणाल्या, विजेची क्वालिटी मोजू. म्हटलं, "ताई, डीसी म्हणजे सरळ रेघ. एसीसारखी लाट नाही. त्यात क्वालिटी काय मोजायची?"

"सरळ दिसतीया म्हणून सरळ हाय व्हय? तुझा मीटर सरासरी सांगतोय. मधी काय हुतंय ते कोण बघणार?"

त्यांनी क्षणाक्षणाचं व्होल्टेज टिपणारं यंत्र तारेला जोडलं आणि फ्रिजशेजारी बसकण मारली. चहा झाला. पुन्हा चहा झाला. मग शिपायानं टाकी भरायला पंप लावला. पडद्यावरची रेघ धाडकन खाली गेली आणि पापणी लवायच्या आत वर आली. फ्रिज बंद!

"घावला की रं खड्डा!" ताईंच्या आवाजानं दवाखाना दणाणला.

पंप आणि फ्रिज, दोन्हींना बॅटरीपासून एकच तार होती. सुरू होताना पंप एवढी वीज ओढायचा, की फ्रिजला पुरायची नाही. आम्ही पंपाला बॅटरीपासून वेगळी तार टाकली, तो हळूहळू सुरू होईल असं केलं. ताई तेवढ्यावर उठल्या का? कसल्या उठतायत! पंप पुन्हा लावायला लावला. पुन्हा. आणि पुन्हा. रेघ जराशी हलली, पण पडली नाही. फ्रिज चालूच राहिला.

पुढच्या लसीकरणाला ताई मुद्दाम गेल्या. सुई टोचली की लेकरं टाहो फोडत होती आणि ताई दारात उभ्या राहून हसत होत्या. म्हणाल्या, "रडू द्यात की! हेच ऐकाय आलोय."

आजारपणात मी त्यांना विचारलं, "ताई, काही राहिलं का करायचं?"

"न्हाय बा. मनासारखं काम मिळालं, माणसं मिळाली. आणि काय पायजे?"

मंडळी, दुःख आहेच. पण ताई पोटभर जेवून ताटावरून उठावं, तशा गेल्या.

आता सगळे उभे राहू. घटकाभर कुणीच काही बोलायचं नाही.

ताई, नमस्कार करतो.