अधिकचं चिन्ह गेलं कुठे?

रक्तपेढीच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई आणि तिचा दीर उभे होते.

"भावजी, दुपारी तुमच्या भावाचं ऑपरेशन आहे. बी पॉझिटिव्ह रक्त हवंय, आणि तुमच्या रक्तदात्यांच्या यादीत नुसतंच 'बी'?"

"वहिनी, लोकांनी 'B+' असंच भरलं होतं. पण मी बनवलेल्या ऑनलाइन फॉर्ममधली माहिती वेब पत्त्याला जोडून जाते. तिथे + तसंच पाठवलं तर सर्व्हर ती रिकामी जागा समजतो. आधी त्याचं %2B असं सांकेतिक रूप करायचं असतं, ते राहिलं."

"राहिलं? डोकं गहाण ठेवलं होतं का? ज्यांना आपलं चिन्हच माहीत नाही, त्यांनीही नुसतं 'बी' लिहिलंय. आता मी कोणाकोणाला फोन करू?"

"मी तपासलं होतं हो. माझं स्वतःचं भरून बघितलं, नीट दिसलं."

"तुमचा गट कुठला?"

"ओ निगेटिव्ह. वजाला काही होत नाही."

"ओ निगेटिव्ह? ते रक्त तर कोणालाही चालतं! मग फॉर्म कसले बनवत बसलात?"

"मला सुईची भीती वाटते, वहिनी."

"खड्ड्यात गेली तुमची भीती! बाही वर करा."