फाउस्तिनोचं ‘आओरीता’

पुएब्लाच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं.

“फाउस्तिनो, ऑपरेशनला बोलावलंय. ऊठ.”

“आओरीता.”

“जन्मभर हेच ऐकतेय! छप्पर गळतंय म्हटलं, आओरीता. दाराला कडी लाव म्हटलं, आओरीता. आत्ता करतो म्हणायचं आणि वर्षं काढायची!”

“लग्नाला कसा लगेच उभा राहिलो?”

“माझा बाप मागे उभा होता म्हणून!”

“दोमितिला…”

“काय?”

“भीती वाटतेय गं.”

“हात दे इकडे. हे बघ, आत देव न्यायला आलाच, तर त्यालाही म्हण, आओरीता.”

“आणि मग?”

“मग काय! मला ठेवलंस तसंच त्यालाही ताटकळत ठेव.”