माझ्या वाट्याचा हेवा

धाकटी: ताई, मुलाखतीत मी चांगलंच बोलले होते गं तुझ्याबद्दल.

थोरली: तेच तर. वाईट बोलली असतीस तर फोन करून भांडले असते आणि मोकळी झाले असते. "माझी ताई ड्रायक्लीनिंगचं दुकान चालवते, तिथे वाफेचा मंद वास असतो, तिचं ते शांत आयुष्य बघून मला हेवा वाटतो." मंद वास म्हणे. केसांत बसतो तो वास, चिंगे. दोनदा न्हालं तरी हटत नाही.

धाकटी: अगं, त्यांनी विचारलं, एवढे देश हिंडता, व्हायोलिन वाजवता, मग आपलं असं कुठे वाटतं? मला पहिल्यांदा हे दुकानच आठवलं. त्यात खोटं काय आहे?

थोरली: रेडिओवरच आठवायचं होतं? मी इथे काउंटरला उभी. दुकानात गिऱ्हाइकं. रेडिओ मीच मोठा केलेला, माझ्या बहिणीची मुलाखत आहे म्हणून सगळ्यांना सांगून ठेवलेलं. आणि सगळे माझ्याकडे बघून असे हसतायत, जशी काही मला पदवी मिळाली. तेव्हापासून जो येतो तो म्हणतो, नशीबवान आहात हो तुम्ही. कालच्या एका माणसानं तर मला विचारलं, एवढी शांतता कशी मिळवली? मागे तीन मशिनं धडधडतायत आणि हा मला शांततेबद्दल विचारतोय.

धाकटी: तुला अपमान वाटला?

थोरली: अपमान नाही. लूट वाटली.

धाकटी: काहीही काय बोलतेस.

थोरली: खरं तेच बोलतेय. माझ्याकडे काय काय आलं ते मोज बरं. बाबांचा उजवा हात लुळा पडल्यावर हे दुकान आलं. त्यांची औषधं आली, आईची दुखणी आली. तुझ्याकडे संगीत विद्यालय गेलं, व्हायोलिन गेलं, टाळ्या गेल्या. मला म्हणून एक गोष्ट उरली होती. तुझा हेवा करायची. तेवढा एक माझ्या वाट्याचा होता. तोही तू उचललास, आणि वर जाहीर करून मोकळी झालीस.

धाकटी: तू माझा हेवा करायचीस? कधी बोलली नाहीस.

थोरली: असलं कोणी बोलतं का? तुमच्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम रेडिओवर लागला की मी वाफेची मोठी प्रेस चालू करायचे. इस्त्रीला कपडे असोत नसोत. त्या फुसफुसाटात बाहेरचं काही ऐकू येत नाही. एकदा एकच चादर चारदा दाबली.

धाकटी: व्हायोलिनच्या बाईंनी दोघींची नावं पाठवली होती विद्यालयात. मला ठाऊक आहे ते. पण तूच म्हणालीस, "तू जा, मी बघते दुकानाचं."

थोरली: म्हणाले. आणि तू "बरं" म्हणालीस. किती पटकन म्हणालीस गं.

धाकटी: मी सोळा वर्षांची होते, ताई.

थोरली: आणि मी काय म्हातारी होते? एकोणिसावं लागलं होतं. मला वाटलं, तू निदान एकदा तरी "नको, तूच जा" म्हणशील. मी गेले नसतेच. पण म्हणायचं होतंस.

धाकटी: म्हणायला हवं होतं.

थोरली: आता म्हणून काय उपयोग? आणि ही एवढी मोठी बॅग कसली? दोन दिवसांसाठी येतेस तेव्हा खांद्यावरची असते.

धाकटी: तेच सांगायला आलेय. मी सोडलंय. वाद्यवृंद, दौरे, सगळं. म्हणजे अजून राजीनामा दिलेला नाही, पण ठरवलंय. मी इथेच राहीन. तुझ्याबरोबर दुकानात बसेन.

थोरली: बसेन? इथे बसतं कोण? खुर्ची एकच आहे, ती गिऱ्हाइकांची.

(दाराची घंटी वाजते. काळा कोट हातावर टाकून वकीलबाई आत येतात.)

वकीलबाई: हे बघा, हा कोट तुम्ही आटवलात. मागच्या आठवड्यात धुऊन नेला, आज बटण लागत नाहीये. उद्या कोर्टात उभं राहायचंय मला. काय घालून जाऊ?

धाकटी: अरेरे, माफ करा हं. आम्ही तुम्हाला नवा शिवून देऊ, लगेच.

थोरली: तू जरा बाजूला हो. द्या इकडे, वकीलबाई. हं. शिवणीत दोन्हीकडे कापड सोडलेलं आहे बघा. तेवढं उसवून घेतलं की झालं. संध्याकाळी घेऊन जा.

वकीलबाई: म्हणजे आटलाच होता ना?

थोरली: कापड आहे, कधी आखडतं. बटण थोडं सरकवते, म्हणजे बसताना ताण येणार नाही. गोळ्या बदलून दिल्या का डॉक्टरांनी?

वकीलबाई: दिल्या. बघू आता, या तरी मानवतात का. या कोण?

थोरली: धाकटी बहीण माझी.

वकीलबाई: म्हणजे त्या व्हायोलिनवाल्या? ऐकलं मी रेडिओवर तुमचं बोलणं, छान बोललात. पण वास काही मंद नाही हो इथला. बरं, येते मी संध्याकाळी.

धाकटी: ताई, कोट काही आटलेला नव्हता.

थोरली: हसतेस काय त्यात?

धाकटी: नाही गं, तू किती सहज...

थोरली: वर्षभर आजारी आहे ती बाई. औषधांनी अंग सुजलंय. घरी आरसा नसेल तिच्या? तिला सगळं कळतं. डॉक्टरांवर ओरडता येत नाही म्हणून कोटावर ओरडायला येते. येऊ दे. आणि तू निघालीस नवा शिवून द्यायला. नवा शिवायचा म्हणजे माप घ्यायचं, टेप धरून आकडा सांगायचा. तोच तर आकडा तिला ऐकायचा नाहीये.

धाकटी: मला नाही सुचलं. शिकेन मी. तू शिकव.

थोरली: नाही.

धाकटी: का नाही?

थोरली: नाही म्हणजे नाही. दुकान माझं आहे.

धाकटी: बाबांचं आहे. म्हणजे तसं बघितलं तर दोघींचं.

थोरली: बाबांचं दुकान बाबांबरोबर झोपलं होतं. एक मशीन, तेही गळकं, आणि गिऱ्हाइकं सगळी पलीकडच्या चौकात गेलेली. ती मी एकेक परत आणलीत. हे कोपराजवळचं भाजलेलं बघ. रेशमावर तेलाचा डाग पडला तर काय करायचं ते मला कोणी शिकवलं नाही, लोकांचे कपडे वाया घालवून, शिव्या खाऊन शिकले. दाराशी कोण आलंय ते मी पावलांवरून ओळखते. तू परवा रेडिओवर बोललीस म्हणून आज इथे वाटा मागायला येणार? मी नाही देणार. तुला नाही, कुणालाच नाही.

धाकटी: मग तू माझी जागा घे. आत्ताच म्हणत होतीस ना, तुला ती हवी होती? व्हायोलिन बाहेर गाडीत आहे. आणू?

थोरली: आण की. म्हणजे... नको.

धाकटी: का गं?

थोरली: नको मला. थांब, बोलू नकोस जरा. मला त्या खुर्चीवर बसू दे.

धाकटी: पाणी देऊ?

थोरली: इतकी वर्षं मला वाटत होतं, कोणी बदलून देतो म्हणालं तर मी मागे वळूनही बघणार नाही. आणि आत्ता तू म्हणालीस तर माझ्या डोक्यात पहिलं काय आलं, संध्याकाळी वकीलबाईंचा कोट कोण देणार? वैताग आहे नुसता.

धाकटी: रडतेस?

थोरली: रडत नाहीये, चिडलेय. स्वतःवर. आता तू सांग. तिकडे काय झालं? तू कामावर रुसून घरी येणाऱ्यातली नाहीस.

धाकटी: पहिल्या रांगेतून मागे बसवलं मला. सगळ्यात मागे. एक नवी मुलगी आलीय.

थोरली: मागे? तुला? कोण तो शहाणा? इतकी वर्षं घासल्यावर? नंबर दे मला त्याचा.

धाकटी: ताई, ती माझ्यापेक्षा चांगली वाजवते.

थोरली: खरंच चांगली? की वशिल्याची?

धाकटी: खरंच. मीच तिच्याकडे बघत राहते वाजवताना. मग मला वाटायला लागलं, ताईनं केलं तेच बरं. तिला मागच्या रांगेत कोण बसवणार आहे?

थोरली: म्हणून माझं आयुष्य शांत. म्हणून तो मंद वास.

धाकटी: हो. चुकलं माझं.

थोरली: मागच्या रांगेत हात खाली ठेवून बसायचं असतं का?

धाकटी: नाही. तितकंच वाजवायचं असतं.

थोरली: आणि वाजवावंसं वाटतं?

धाकटी: वाटतं. त्याचाच तर राग येतो.

थोरली: मग जा परत. रागाला घेऊन जा. आज रात्री जेव, झोप, भाच्यांशी भांड, आणि सकाळी नीघ. ती बॅग काउंटरमागे सरकव, कुणी अडखळून पडेल.

धाकटी: ताई, एक विचारू? आता तरी गेला का हेवा?

थोरली: कुठला जातोय. रविवारी दुकान बंद असतं ना, तेव्हा येतो. बाकीचे दिवस काम असतं.